भाच्याची पकड करायची कोणी?

करावे, तालुका ठाणे
होळी होऊन आठवडा, सन १९६२

चिरंजीव गोटीराम यास हिरामणमामाचा डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद. (हात पोचत नाही हे मलाही ठाऊक आहे. तू माझ्याहून वीतभर उंच आणि वयाने सहा महिन्यांनी मोठा. पण आधी लेक बाळंत झाली आणि मग तिची आई झाली, यात माझा काय दोष? आपण दोघे एकाच पाळण्यात आलटून पालटून निजलो आणि सुईणीला कोण मामा नि कोण भाचा हे रडण्यावरून ओळखावं लागायचं, ही गोष्ट गावाने चघळून चोथा केली आहे. तरी नातं ते नातं. मामा मी आहे. गुमान आशीर्वाद घे.)

पत्र बायजाच्या पाटीतून पाठवतो आहे. आधीची दोन कार्डं पोस्टाने धाडली होती, त्यांचं उत्तर नाही. पोस्टाने गहाळ केली म्हणावं तर तुझ्या सासऱ्याला, देवजीबुवांना, पाठवलेलं गावातल्या एका लग्नाचं आवतण दुसऱ्या दिवशी पोचलं. तेव्हा तू वाचलीस आणि गप्प बसलास, असं मी धरून चालतो. सारसोळ्याची बायजा आठवड्यातून दोनदा मासळी घेऊन तुमच्या कोपरखैरण्याला लेकीकडे येते. तिला सांगितलं आहे, पत्र हातात देऊन निघायचं नाही, त्याने पूर्ण वाचेपर्यंत दारात बसायचं. ती बसेल. बसल्यावर ती बोलते हेही तुला ठाऊक आहे, म्हणून लवकर वाच. कागदाला बोंबलाचा वास आला तर मामाला नावं ठेवू नकोस.

इकडे सर्व खुशाल. तुझी तब्येत कशी आहे? उजव्या गुडघ्याला तेल लावतोस ना? जमुनाबाईंना आणि छोकरीला आशीर्वाद. छोकरी तुझ्यासारखी दिसते असं तुझी आई, आक्का, बारशाहून आल्यावर म्हणाली, म्हणजे देवाने जमुनाबाईंवर अन्याय केला. मी आजोबा झालो याचं गावात सगळ्यांना हसू येतं, कारण माझं स्वतःचं लग्न अजून ठरायचं आहे. नातीला मी पाहिलेलं नाही. कोपरखैरणे काही विलायतेत नाही. सकाळी मिठागरांच्या बांधावरून निघालं तर जेवायच्या वेळेला माणूस पोचतो. पण ज्याने आपल्या दोन कार्डांना उत्तर दिलं नाही त्याच्या दारात मामाने कसं जावं, एवढा मान मामालाही असतो. आणि तू यायचं तर तुझी शपथ आडवी येते.

त्या शपथेबद्दल मी काही लिहिणार नव्हतो, पण लेखणी तिकडेच वळते. तुळशीरामदादा आपल्या कबड्डी मंडळाचा अध्यक्ष, तोंडाने फटकळ, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. तू देवजीबुवांकडे घरजावई जायला निघालास, सगळा गाव पोचवायला बांधापर्यंत आला, बायका डोळे पुसत होत्या, आणि या माणसाला नेमकं तेव्हाच आठवलं की मंडळाची निळी गंजी तुझ्या अंगात आहे. जो दुसऱ्या गावात निजतो तो दुसऱ्या गावाचा गडी, गंजी ठेवून जा, म्हणाला. तू ती तिथल्या तिथे काढलीस, घडी करून त्याच्या हातात दिलीस आणि उघड्या अंगाने बांधावरून चालत गेलास, या गावात पुन्हा पाय ठेवणार नाही म्हणत. मी त्या दिवशी दादाशी हातघाईवर आलो आणि आम्हाला चौघांनी सोडवलं, हे आक्काने तुला सांगितलंच असेल. तीन वर्षं झाली. गंजी दादाच्या पेटीत आहे आणि कोणाच्या अंगाला बसत नाही.

तुझ्यावाचून मंडळाचं काही अडलं, असं मात्र मनात आणू नकोस. तुला वाटत असेल, गोटीराम गेला, करावं बसलं. तसं काही झालेलं नाही. नीट वाच म्हणजे कळेल.

तू गेलास त्या वर्षी मंडळाने ठरवलं की घरचाच गडी तयार करायचा. सगळी पोरं खाडीच्या चिखलातून पळवली, जो पहिला आला तो चढाईला. पहिला आला कान्हा. पाय म्हणजे वारा. मी डाव्या कोपऱ्यात उभा राहून म्हणालो, देव एक दार लावतो तेव्हा दुसरं उघडतो. पण कान्हाची एक खोड आम्हाला ठाऊक नव्हती. तो माळकरी घरातला, खोटं बोलत नाही. चढाईत दम तुटला की पंचाला कळायच्या आत हा थांबायचा, हात जोडायचा आणि सांगायचा की माझा दम तुटला, मी बाद. एकदा तर समोरच्यांचे दोन गडी मारून मधल्या रेघेवर आला आणि तिथे सांगितलं. (ठाण्याहून आलेल्या पंचाने खिशातून रुमाल काढून डोळे पुसले. असा माणूस मी पाहिला नाही म्हणाला. आम्हीही नव्हता पाहिला.) सगळे सामने हरलो. कान्हाला लोकांनी भजनात टाळ दिले, तिथे तो बरा आहे.

दुसऱ्या वर्षी दादा म्हणाला, घरात नाही तर बाहेरून आणू. तुर्भ्याच्या चांगदेवचं नाव तू ऐकलं असशील, उडी मारून कोपऱ्यावरून जातो तो. तुर्भ्याच्या मंडळाशी दादाने अदलाबदल ठरवली. त्यांनी चांगदेव द्यायचा, आपण धर्मा द्यायचा आणि धर्मासोबत एक नवं जाळं. धर्मा का, असं मी बैठकीत विचारलं. धर्मासारखा घोटा धरणारा गडी पंचक्रोशीत नाही. दादा म्हणाला, पकडी करून कोणी सामने जिंकलेत का, लोक चढाई बघायला येतात. झालं. चांगदेव इकडे आला, गावाने त्याला हार घातला, प्रत्येक घराने पाळीपाळीने जेवण घातलं. पहिला सामना कोणाशी असावा? तुर्भ्याशीच. चांगदेव गेला, उडी मारली, आणि धर्माने खाली वाकून त्याचा घोटा असा धरला, जसा तो आपल्यासाठी धरायचा. ज्याला देऊन हा घेतला त्यानेच याला धरला. पूर्ण सामन्यात हेच. लोण चढला तो चढलाच. सामना संपल्यावर चांगदेव आपली वळकटी घेऊन तुर्भ्याला निघाला आणि धर्मा आपली घेऊन इकडे, दोघे वाटेत बांधावर भेटले, एकमेकांची विडी पेटवली आणि आपापल्या घरी गेले. अदलाबदल अशी मोडली. जाळं तेवढं परत आलं नाही. तेल गेलं, तूप गेलं, आणि दादा मात्र म्हणतो की तो अनुभव होता.

मला त्या दिवसांत संध्याकाळी मैदानावर जाऊ नये असं वाटायचं. मिठागरावरून सुटलो की पाय आपोआप तिकडे वळायचे आणि पोचल्यावर वाटायचं, कशाला आलो. मी कोपऱ्यात उभा राहणारा माणूस. आपला गडी चढाईला गेला की मला त्याची पाठ दिसते, आणि तो परत आला की तोंड. बारा वर्षं ती तुझीच पाठ होती. तू जाताना डाव्या खांद्याला एक झटका द्यायचास, तो तुला स्वतःला ठाऊक नसेल, पण मला त्यावरून कळायचं की आज कोणावर जाणार. आता कोणीही गेला तरी मी त्या खांद्याकडे बघतो. झटका बसत नाही. मग मी रागावतो, आणि ज्याच्यावर रागावतो त्याला कळत नाही की त्याचं काय चुकलं. असो. हे मंडळाच्या कामकाजात बसत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. गेल्या वर्षी शिरवण्याशी सामना होता आणि आमचे दोन गडी जायबंदी. सातवा माणूस मिळेना म्हणून कमळाकरला उभा केला. मिठागरावर हजेरी मांडतो तो, दोन लेकरांचा बाप, सुतळीसारखा, वाऱ्याने हलतो. पाच गडी बाद झाल्यावर त्याला चढाईला जावंच लागलं. गेला, डोळे मिटून गेला असंच म्हण. आणि गोटीराम, काय सांगू, त्याला कोणी हात लावेना. शिरवण्याचे मोठमोठे गडी, रेड्यासारखे, हा जवळ आला की हात मागे घेत. याने तिघांना शिवलं आणि चालत परत आला. दुसऱ्यांदा तसंच. आम्ही जिंकलो, आणि का जिंकलो हे कोणालाच कळलं नाही. कमळाकरला वाटलं त्याच्या नजरेत जरब आहे. चार दिवस तो सगळ्यांकडे रोखून बघत हिंडत होता.

उलगडा केला गोजराआजीने. आजी ओट्यावर सुकट निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली की कमळाकरची आयस शिरवण्याची, ते सगळे त्याचे मामे, भाच्यावर हात कोण टाकील? मामाने भाच्याला मारलं की म्हातारपणी हात थरथर कापतात, हे तुला मला पाळण्यापासून ठाऊक आहे. (तुला जास्त. तू मला आंब्यावरून ढकललंस, माझ्या पाठीत चिंबोरी सोडलीस, आणि मी हात उगारला की आक्का, तुझी आई, माझी बहीण, लांबूनच ओरडायची, तुझे हात कापतील हो हिरामण. उभं बालपण मी तुझा मार खाल्ला आणि एकही परत केला नाही. आता माझे हात म्हातारपणी बाभळीसारखे ताठ राहणार, ही सगळी पुण्याई तुझी.) ठाऊक सगळ्यांना होतं, पण त्यातून सामना जिंकता येतो हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

दादाच्या आलं. त्या दिवसापासून मंडळाने पाय, छाती, दम बघणं सोडून दिलं. गडी निवडायचा तो आजोळ बघून. घणसोलीशी सामना असला की घणसोलीचे भाचे उभे करायचे, नेरुळशी असला की नेरुळचे. निवड समिती म्हणजे गोजराआजी एकटी. तिला सगळ्या पट्ट्यातली लग्नं तोंडपाठ. दादा तिच्यासमोर उकिडवा बसायचा आणि आजी सुकट निवडता निवडता भाचे निवडायची. हा घे, याची आयस दिवाळे गावची. तो नको, त्याची सावत्र, मामे मानीत नाहीत. अदलाबदलीही त्याच हिशेबाने. सानपाड्याकडून आम्ही एक लंगडा गडी मागून घेतला, कारण त्याला जुहूगावात चार मामा. सानपाड्याचे लोक तो देताना तोंड फिरवून हसत होते. आम्ही जुहूगाव जिंकलो तेव्हा हसू थांबलं.

पण जग आपल्याहून शहाणं असतं. नेरुळकरांनी उपाय काढला. सामन्याच्या आदल्या दिवशी त्यांची माणसं येऊन आमच्या तिन्ही भाच्यांना आजोळी घेऊन गेली. भाचा इतक्या दिवसांनी गावात येतोय, मामीच्या हातचे दोन घास खाल्ल्याशिवाय कसा खेळेल? दोन घास म्हणजे जिताड्याचं कालवण, चिंबोऱ्या, तांदळाच्या भाकऱ्या, वर पोळे नि नारळाचं दूध. एका मामीकडे जेवले की दुसरी रुसते. सात मामींकडे जेवले. सकाळी न्याहारी वेगळी. दुपारी आमचे तीन भाचे मैदानात आले ते पोटाला हात लावून. पहिला चढाईला गेला आणि त्याला रेघेवरच उचकी लागली. दुसरा समोरच्यांच्या अंगणात जाऊन उभाच राहिला. कोणी त्याला धरला नाही, मामेच ते, पण त्याचाच दम सुटला. मामांनी त्याला हाताला धरून, जपून, बाहेर बसवलं आणि पाणी दिलं. तिसरा झोपला होता. मग दादाने फतवा काढला की सामन्याच्या आधी कोणी आजोळी जेवायचं नाही. त्यावर गावातल्या बायका अशा उसळल्या की विचारू नकोस. भाचा मामाच्या दारातून उपाशी परतणार, म्हणजे आमच्या माहेराला काय तोंड दाखवू? दादाच्या घरी दोन दिवस चूल पेटली नाही. फतवा मागे घेतला.

एवढं झालं तरी आम्ही थोडेफार जिंकत राहिलो, आणि त्या जोरावर दादाने या चैत्रात जत्रेचा मोठा सामना मागून घेतला. आपल्या देवीच्या जत्रेत, आपल्या मैदानावर. समोर कोण, तर या वर्षी सगळ्यांना हरवणारा संघ, म्हणजे तुमचं कोपरखैरणे. दादाने पानविडा दिला, तुमच्या लोकांनी घेतला. बैठकीत पेढे वाटले. मग दादाने नेहमीप्रमाणे गोजराआजीला विचारलं की आजी, कोपरखैरण्याचे भाचे किती आपल्यात? आजी म्हणाली, एक पन नाय. त्यांच्यात मात्र एक तुझा हाय.

मला हसू येत होतं आणि हसवत नव्हतं. गोटीराम, तू या गावचा भाचा. बापूस गेल्यावर आक्का तुला कडेवर घेऊन माहेरी आली ती इथलीच झाली, तू इथेच वाढलास, पण भाचा तो भाचाच. दादा तुझा मामा, धर्मा मामा, कमळाकर मामा, कान्हासुद्धा लांबचा मामा. करावे गावात तुझ्यावर हात टाकू शकेल असा गडी नाही. तेव्हा कुठे आम्हाला उमगलं की सरावात इतकी वर्षं तुला कोणी धरत का नव्हतं. आम्ही समजत होतो तू चपळ आहेस. (रागावू नकोस. बाहेरगावच्यांनाही तू सापडायचा नाहीस, म्हणजे थोडा चपळ असशीलच.)

मग सुरू झाला शोध, गावात गोटीरामचा मामा नसलेला माणूस कोण. अडला हरी म्हणतात तो असा. गंजी मागणारे आमचे दादा, हात जोडून, गावातल्या दोन घरजावयांच्या दारात उभे. ते दोघे तुझे मामा लागत नाहीत. इतकी वर्षं कोणी त्यांना पाटावर बसा म्हणालं नव्हतं, आता दादाने त्यांच्यासाठी नवे लंगोट शिवून घेतले. त्यांनीही आढेवेढे घेतले, आम्ही काय बाहेरचे, म्हणाले. घेऊ देत. मी मनातून त्यांच्या बाजूने होतो. आणखी सापडले शाळेचे गुरुजी, साताऱ्याकडचे, चष्मेवाले. मिठागराचे मेहताजी, जे टोपी काढणार नाहीत. आणि एक लोहार. सरावाला सुरुवात झाली, आणि मला कोपऱ्यातून काढलं. मामा कोपऱ्यात म्हणजे कुंपणाला भोक, असं दादा म्हणाला. डावा कोपरा मेहताजींना दिला. मी आता फक्त चिटणीस. रेघा मारतो, पाणी देतो, आणि मेहताजींची टोपी पडली तर उचलतो.

इतकी वर्षं मी त्या कोपऱ्यात उभा होतो. आपल्याच गावात, आपल्याच जत्रेत तू चढाईला येणार आणि तेव्हा मी रेघेबाहेर बादली धरून उभा असणार, हे मला नीट गिळता येईना. घरी येऊन न जेवता निजलो. आक्काने काय झालं म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं, त्या पाच जणांची नावंही सांगितली. तिने माझं ताट झाकून ठेवलं. तू गेल्यापासून ती रोज भात टाकताना एक मूठ जास्त टाकते आणि सकाळी तो शिळा भात मला खायला लागतो.

दुसऱ्या दिवशी मंगळवार, सण नाही वार नाही. आक्काने लुगडं बदललं, तबकात निरांजन लावलं आणि शाळेत गेली. भरल्या वर्गात गुरुजींना पाटावर बसवून ओवाळलं. म्हणाली, मास्तर, तुमची बहीण तिकडे लांब साताऱ्याला, आजपासून मी तुमची बहीण. गुरुजी हळवे, त्यांच्या डोळ्यांत पाणी. मग तबक घेऊन मिठागरावर, मेहताजींना. मग लोहाराच्या भात्यापाशी. तिन्ही सांजेच्या आत तिने तिघांना भाऊ केलं. तिघेही तुझे मामा झाले. दादा धावत आला, आक्काला म्हणाला, भागीरथी, हे काय मांडलंस? आक्का निरांजनाची वात पुढे सारत होती. तिने वर पाहिलं.

"माजे पोराला कोनी हात नाय लावाचा," ती म्हणाली. "तीन वरसांनी येतंय."

दादा आल्या पावली परत गेला. घरजावयांना ओवाळता येत नाही, ते दाजी लागतात, म्हणून तेवढे दोन शिल्लक आहेत. सात जणांच्या संघात आमच्याकडे तुला धरू शकतील अशी ही दोन माणसं, एकाला दमा आहे. बाकी पाच कोण, ते अजून ठरायचं आहे. तर असं आमचं सगळं उत्तम चाललं आहे आणि तुझ्यावाचून काहीही अडलेलं नाही. देवजीबुवांना रामराम, जमुनाबाईंना आशीर्वाद, छोकरीचा मुका.

तुझा धाकटा पण मानाने थोरला,
हिरामणमामा

ता. क. हे मंडळाच्या वतीने लिहितो, दादा शेजारी बसून सांगतो आहे. सामन्याच्या आदल्या दिवशी तू, जमुनाबाई, देवजीबुवा सर्वांनी करावे मुक्कामी जेवायला यावं. भाचा इतक्या वर्षांनी येतोय, गावाची इच्छा आहे की त्याने प्रत्येक मामाच्या घरी दोन घास खावेत. जिताडा सांगून ठेवला आहे. चिंबोऱ्याही सांगितल्या आहेत. झालं गेलं विसरून यावं, असं दादा म्हणतो. (हे वाक्य लिहायला दादाला तीन विड्या लागल्या.)

ता. क. दुसरा. दादा गेला. जेवू नकोस. कोणी पाटावर बसवलं तर पोट बिघडलंय म्हण. पण ये मात्र आदल्या दिवशीच, आणि एकटा थेट देवीच्या देवळात ये. गोजराआजीने सांगितलं आहे की भाच्याने देवीसमोर मामाच्या हातावर तांदूळ ठेवून रजा दिली, तर मामाने त्याला धरलं तरी पाप लागत नाही, हात कापत नाहीत. तू एवढं केलंस आणि दादाला तसं सांगितलंस की मला माझा कोपरा परत मिळेल. मेहताजी आता तुझे मामा झाले तरी दुसरं कोणी नाही म्हणून दादा त्यांना सोडत नाही; त्यांचीही सुटका होईल, ते कालपासून रडतात. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही, हे एक मागतो.

ता. क. तिसरा, आणि हा आक्काला कळू देऊ नकोस. गोजराआजी असं काही म्हणाली नाही. मी तिला विचारलं, तेव्हा तिने सुपावरून मान वर केली आणि म्हणाली, देव असो नाहीतर देवी, कापतात ते कापतातच, माझ्या भावाचे तोंडात घास जाईना असे कापायचे. तांदळाचं मीच रचलं, तू यावंस म्हणून. तर आता खरं सांगतो. दादाला सांग की रजा दिली, आणि चढाईला ये तेव्हा डाव्या कोपऱ्यात ये. कापू देत हात. तीन वर्षांत मला तुझा आवाज ऐकू आला नाही गोटीराम, आणि जन्मात मी तुला एकदाही धरलेलं नाही. तू बाद झालास की नाही, कोण जिंकलं, याच्याशी मला काही देणंघेणं नाही. फक्त मी कमरेला मिठी मारली की लगेच सुटायला झटू नकोस. तुझा दम आहे तोवर राहा.